इलेक्ट्रॉलिसिसची पहिली सिटिंग ठरवण्याआधी

हनुवटीवरचे किंवा ओठावरचे राठ केस वर्षानुवर्षे उपटून कंटाळलेली व्यक्ती कायमचा उपाय शोधू लागली की लेसर आणि इलेक्ट्रॉलिसिस हे दोन शब्द तिच्या कानावर पडतात आणि पुष्कळदा ते एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात या दोन पद्धती अगदी वेगळ्या आहेत. लेसरचा प्रकाश केसातले गडद रंगद्रव्य तापवतो, त्यामुळे पांढऱ्या, भुऱ्या किंवा तांबूस केसांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. इलेक्ट्रॉलिसिसला केसाच्या किंवा त्वचेच्या रंगाशी काही देणेघेणे नसते. केस ज्या छिद्रातून बाहेर येतो त्याच छिद्रातून केसाइतकी बारीक सुई मुळापर्यंत सरकवतात, क्षणभर विजेचा सौम्य प्रवाह सोडून केस घडवणाऱ्या पेशी नष्ट करतात आणि मग तो केस चिमट्याने अलगद काढून घेतात. ही पद्धत नवी नाही. चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने आत वळून डोळ्याला टोचणारे पापण्यांचे केस याच तत्त्वाने काढले आणि १८७५ साली त्याविषयी लिहिले. आजही अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन इलेक्ट्रॉलिसिसला केस कायमचे काढण्याची पद्धत मानते, तर लेसरच्या बाबतीत केसांची कायमस्वरूपी घट एवढाच दावा करू देते.

मात्र हा कायमपणा एकेका केसापुरता असतो, आणि पुढचे सारे निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून असतात. सुई ज्या केसाच्या मुळाशी पोहोचली तो केस संपला. शेजारची जी मऊ लव पुढल्या वर्षी हार्मोनच्या प्रभावाने जाड होणार आहे, तिच्यावर सुईचा काहीही इलाज चालत नाही. म्हणून केस अचानक वाढले असतील, पाळी अनियमित झाली असेल, चेहऱ्यावर मुरुमे आणि डोक्यावरचे केस विरळ होणे अशी लक्षणे सोबत असतील, तर आधी डॉक्टरांना भेटून पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड) किंवा हार्मोनचा दुसरा काही बिघाड नाही ना, याची तपासणी करून घ्यावी. आवाज घोगरा होऊ लागला असेल तर ही भेट मुळीच लांबवू नये. चालू असलेली औषधेही डॉक्टरांना सांगावीत, कारण काही औषधांमुळेही केस वाढतात. दोन्ही उपचार एकत्र चालू शकतात. परंतु कारण तसेच ठेवून नुसत्या सुया टोचून घेत राहिल्यास पैसा जातो आणि मन खचते, आणि हे दुसरे नुकसान भरून यायला फार वेळ लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक केस वाढ, उतार आणि विश्रांती या तीन अवस्थांतून जातो. वाढीच्या अवस्थेत तो मुळाशी घट्ट जोडलेला असतो आणि त्याच वेळी प्रवाहाचा मारा सर्वांत नेमका बसतो. एका वेळी सगळे केस या अवस्थेत नसतात. काही तर त्वचेच्या आतच असतात. त्यामुळे चेहऱ्याचा एखादा भाग पूर्ण मोकळा व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते, सुरुवातीला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला जावे लागते आणि पुढे अंतर वाढत जाते. तीन-चार सिटिंगमध्ये काम फत्ते होईल असे कोणी सांगत असेल तर तिथून निघून यावे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

तयारीतला सर्वांत कठीण भाग म्हणजे उपटणे थांबवणे. थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि चिमटा हे तिन्ही सिटिंगच्या काही आठवडे आधीपासून आणि उपचार चालू असेपर्यंत बंद ठेवावे लागतात. केस उपटला की छिद्र रिकामे होते आणि सुईला वाट दाखवणारा केसच उरत नाही; शिवाय वारंवार उपटल्याने मूळ आतल्या आत वाकडे होते आणि सरळ सुई त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. रोज सकाळी आरशासमोर चिमटा हाती घेण्याची सवय लागलेल्या व्यक्तीसाठी हे आठवडे किती अवघड असतात, याची मला पूर्ण जाणीव आहे. या काळात कात्री किंवा रेझर खुशाल वापरावा. रेझरने केस जाड होतात हा समज खरा नाही; कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते बोटांना राठ लागते, एवढेच. सिटिंगच्या दोन-तीन दिवस आधी मात्र रेझरही थांबवावा, म्हणजे चिमट्यात धरता येईल इतका केस वर येतो.

यंत्राचे तीन प्रकार ऐकायला मिळतात. गॅल्व्हॅनिकमध्ये एकदिश प्रवाहामुळे मुळाजवळचे मीठ आणि पाणी यांच्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि ते पेशी जाळते. ही पद्धत संथ आहे. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारितेच्या प्रवाहाने उष्णता निर्माण होते आणि काम झटपट होते. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र असतात, आणि वाकड्या मुळांसाठी पुष्कळदा हीच पद्धत निवडली जाते. यंत्रापेक्षा ते चालवणारा हात महत्त्वाचा, असे माझे मत आहे. परवान्याचे नियम सगळीकडे सारखे नसल्यामुळे प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतले, हे विचारायला संकोचू नये. सुई एकदाच वापरायची, निर्जंतुक आणि सीलबंद असावी आणि तिचे पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडले जावे. हातमोजे, चांगला उजेड आणि भिंग नसेल तर खुर्चीत बसूच नये. सुईविना विजेच्या चिमट्याने केस कायमचे जातात या जाहिरातींवरही विसंबू नये. केसातून वीज मुळापर्यंत नीट पोहोचत नाही.

पहिली सिटिंग दहा-पंधरा मिनिटांचीच ठेवावी, तीही सहज न दिसणाऱ्या जागी, आणि त्वचा कशी भरून येते हे दोन-तीन आठवडे पाहावे. त्या मिनिटांत एका गोष्टीकडे नीट लक्ष द्यावे. सुई आत जाताना जवळजवळ काहीच जाणवू नये. मग चटका किंवा टोचल्यासारखी कळ येते. त्यानंतर केस निघताना मात्र ओढ बसता कामा नये. बरोबर काम झालेला केस भिजल्या मातीतून गवताची काडी निघावी तसा सुटतो, आणि भिंगाखाली पाहिल्यास त्याच्या टोकाशी ओलसर, फुगीर मूळ दिसते. प्रत्येक केसागणिक ‘टच्’ असा उपटल्याचा झटका बसत असेल, तर तो केस नुसता उपटला गेला आहे आणि तो परत येणार आहे. हे तिथल्या तिथे सांगावे.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले दुसरे विद्युत उपकरण असेल तर हा उपचार टाळावा आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे. गर्भारपण, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, जखमेवर जाड वण उठण्याची प्रवृत्ती आणि ओठांवर वारंवार उठणारे हर्पीसचे फोड यांची माहिती आधीच द्यावी. तिळावरचा किंवा चामखिळीवरचा केस त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय काढू नये. बधिर करणारे मलम लहान भागावर चालते. ते मोठ्या भागावर जाड थापून वर प्लास्टिक गुंडाळणे मात्र धोक्याचे आहे, कारण औषध रक्तात उतरून गंभीर त्रास होऊ शकतो.

सिटिंगनंतर काही तास लाली आणि सूज राहते, आणि एक-दोन दिवसांत टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या धरतात. त्या नखाने काढू नयेत. डाग बहुधा अशा खरवडण्यातूनच राहतात. दिवसभर तरी मेकअप, वाफ, पोहणे आणि घाम गाळणारा व्यायाम टाळावा, आणि पुढचे काही आठवडे उन्हापासून जपावे. सावळ्या त्वचेवर तपकिरी डाग लवकर उमटतात आणि काही महिने रेंगाळतात, म्हणून सनस्क्रीन चुकवू नये. पू, वाढत जाणारी सूज किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जावे.

दर सिटिंगची तारीख, भाग आणि लागलेली मिनिटे एका वहीत लिहून ठेवावीत. तोच भाग मोकळा करायला सुरुवातीला चाळीस मिनिटे लागत असतील, तर काही महिन्यांनी तो आकडा उतरलेला दिसला पाहिजे. तो जिथल्या तिथेच राहिला, तर ती वही घेऊन आधी उपचार करणाऱ्याशी आणि मग डॉक्टरांशी बोलावे.