रुबीत इनहेरिटन्सला मेटाप्रोग्रॅमिंगची जोड कशी द्यावी

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत सबक्लासमध्ये (म्हणजे दुसऱ्या, पॅरेंट क्लासवरून बनवलेल्या क्लासमध्ये) 'फील्ड :ईमेल' अशी एक ओळ लिहिली की वाचायची आणि लिहायची मेथड आपोआप तयार व्हावी, आणि त्या सबक्लासच्या सबक्लासलाही ते फील्ड मिळावं, एवढं आपल्याला करायचं आहे. असा कोडनेच कोड तयार करणं म्हणजे मेटाप्रोग्रॅमिंग. खालचा कोड उच्चाराप्रमाणे दिला आहे. टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा, आणि क्लासची नावं कॅपिटल अक्षराने सुरू करा.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. रुबीत क्लासची बॉडी म्हणजे नुसती घोषणा नसते, तो वरून खाली चालणारा कोड असतो. त्या वेळी 'सेल्फ' म्हणजे खुद्द तो क्लास. शिवाय पॅरेंटच्या क्लास मेथड्स सबक्लासलाही मिळतात. पुढची सगळी करामत याच दोन गोष्टींवर चालते.

१. पॅरेंट क्लास लिहा.

क्लास फॉर्म
  डेफ सेल्फ.फील्ड्स
    @फील्ड्स ||= []
  एंड

  डेफ सेल्फ.फील्ड(नाव)
    फील्ड्स << नाव
    अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसर नाव
  एंड
एंड

क्लास नोंदणी < फॉर्म
  फील्ड :नाव
  फील्ड :ईमेल
एंड

||= म्हणजे यादी अजून नसेल तरच नवी रिकामी यादी ठेवा, आणि अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसर त्या नावाची वाचायची आणि लिहायची मेथड तयार करतं. इथे डिफाइन_मेथडही (हवी ती मेथड घडवणारं) चाललं असतं, पण अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसरने भागत असेल तर उगाच मोठं हत्यार काढू नये.

२. फील्ड्सची यादी कुठे ठेवायची ते ठरवा. अनेकांचा हात इथे दोन @ वाल्या क्लास व्हेरिएबलकडे जातो. ते टाळा. फॉर्ममध्ये ठेवलेलं असं व्हेरिएबल त्याच्या सगळ्या वंशावळीत एकच असतं. त्यामुळे नोंदणीची फील्ड्स तक्रारीच्या फॉर्ममध्येही उगवतात. वर वापरलेलं एका @ चं व्हेरिएबल मात्र ज्या-त्या क्लासचं स्वतःचं असतं. त्याची अडचण उलट आहे: ते सबक्लासकडे जातच नाही. 'सदस्य_नोंदणी < नोंदणी' असा क्लास केलात तर नाव आणि ईमेलच्या मेथड्स चालतील, पण फील्ड्सची यादी रिकामी येईल.

३. इनहेरिटेड हुक लावा. नवा सबक्लास तयार झाला की रुबी त्याच्या थेट पॅरेंटवर ही मेथड बोलावते आणि नवा क्लास तिच्या हातात देते. फॉर्ममध्ये लिहा:

डेफ सेल्फ.इनहेरिटेड(सबक्लास)
  सुपर
  सबक्लास.इन्स्टन्स_व्हेरिएबल_सेट(:@फील्ड्स, फील्ड्स.डुप)
एंड

'डुप' म्हणजे यादीची कॉपी; ते विसरलात तर दोघांची यादी एकच राहील आणि पुन्हा तोच घोळ. 'सुपर'ही (वरच्या क्लासमधली त्याच नावाची मेथड बोलावणारा शब्द) गाळू नका. पुढे कोणी नोंदणीमध्ये स्वतःचा इनहेरिटेड लिहिला आणि त्यात सुपर बोलावलं नाही, तर कॉपी होतच नाही. ||= मुळे एररही येत नाही, यादी गुपचूप रिकामी मिळते. असला बग शोधायला सगळ्यात जास्त वेळ खातो.

कॉपी सबक्लास तयार होतानाच होते, हेही ध्यानात असू द्या. नंतर कोणी नोंदणी क्लास पुन्हा उघडून फील्ड घातलं तर ते आधीच्या सबक्लासच्या यादीत दिसणार नाही. असं घडण्याची शक्यता असेल तर कॉपीचा नाद सोडा. फील्ड्स मेथडलाच दरवेळी सुपरक्लासची यादी अधिक स्वतःची यादी द्यायला लावा; मात्र स्वतःची यादी मग वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवावी लागेल.

४. मेथड्स मॉड्यूलमध्ये (क्लासला जोडता येणाऱ्या मेथड्सच्या गठ्ठ्यात) हलवा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग अडकतात. समजा नोंदणीमध्ये ईमेलच्या मागच्या-पुढच्या स्पेस काढायच्या आहेत, म्हणून तुम्ही त्याच क्लासमध्ये 'डेफ ईमेल' लिहून आत सुपर वापरलं. नो-मेथड-एरर! कारण तयार झालेली मेथड त्याच क्लासमध्ये होती, तुमच्या नव्या मेथडने ती पुसली, आणि वर फॉर्ममध्ये ईमेल नावाचं काहीच नाही. उपाय म्हणून इनहेरिटेडमध्ये या ओळी वाढवा:

मॉड = मॉड्यूल.न्यू
सबक्लास.इन्क्लूड(मॉड)
सबक्लास.इन्स्टन्स_व्हेरिएबल_सेट(:@मॉड, मॉड)

आणि फील्डमधली अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसरची ओळ '@मॉड.अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसर नाव' अशी करा (रुबी २.५ पासून ती बाहेरून बोलावता येते). आता रुबी ज्या क्रमाने मेथड शोधते त्या साखळीत मॉड्यूल नोंदणीच्या वर बसतं, म्हणून 'सुपर.टू_एस.स्ट्रिप' बिनबोभाट चालतं. खात्री करायची तर 'नोंदणी.अँसेस्टर्स' छापून पाहा. खुद्द फॉर्मसाठी हुक चालत नाही, तेव्हा तिथे फील्ड लिहू नका.

५. टेस्ट लिहा. त्यासाठी 'क्लास.न्यू(फॉर्म)' ने बिननावाचे सबक्लास तयार करता येतात. पण हुकच्या आत सबक्लासचं नाव वापरत असाल तर इथे ते निल (म्हणजे काहीच नाही) येईल. तसंच, हुक चालतो तेव्हा सबक्लासची बॉडी अजून चाललेलीच नसते, त्यामुळे त्यातल्या मेथड्स तिथे शोधू नका.

फक्त सबक्लासची यादी हवी असेल तर हा खटाटोप नकोच. रुबी ३.१ पासून 'फॉर्म.सबक्लासेस' आहे. ती थेट सबक्लासच देते, नातवंडं नाहीत. आणि ज्या क्लासची फाइल अजून लोड झालेली नाही तो तिच्यात येत नाही.