तैपेईच्या रछाओमध्ये बिल फुगू नये म्हणून

रछाओ म्हणजे मोठ्या आचेवर परतलेले पदार्थ आणि बिअर मिळणारं साधं हॉटेल. तिथे बऱ्याचदा चिनी लिपीतल्या यादीवर आपणच खुणा करायच्या असतात, त्यामुळे घाईत भलतंच मागवलं जातं.

१. फोनच्या कॅमेऱ्याने यादीचं भाषांतर करून आधी तीन-चारच पदार्थ मागवा. जे तयार होईल ते येतं, नंतर वाढवता येतं. तिळाचं तेल, सोया सॉस आणि तांदळाच्या दारूतलं ‘तीन कप चिकन’ व लसूण घातलेली नाळीची भाजी बिअरबरोबर हमखास जमते.

२. ज्या मासळीपुढे आकडा नाही, तिचा भाव रोज बदलतो. खूण करण्याआधी विचारा आणि कॅल्क्युलेटरवर दाखवायला सांगा.

३. बिअर पुष्कळ ठिकाणी फ्रीजमधून आपणच आणायची. तैवान बिअरची ६०० मिलीची बाटली छोट्या ग्लासांत सगळ्यांनी वाटून घेतात. रिकाम्या बाटल्या आपल्याच टेबलापाशी ठेवा. बिलाच्या वेळी त्या मोजतात.

शाकाहारींनी भाजीबद्दलही विचारावं. ती अनेकदा डुकराच्या चरबीत किंवा ऑयस्टर सॉसमध्ये परततात.