मैलाटाकीत उतरण्यापूर्वी हवेची तपासणी
गॅस डिटेक्टर मोकळ्या हवेत सुरू करून तो प्राणवायू २०.९ टक्के दाखवतो याची खात्री करावी आणि मगच झाकण किंचित उचलून त्याची नळी टाकीत सोडावी. आधी प्राणवायू (१९.५ ते २३.५ टक्के), मग ज्वलनशील वायू (हवेतील ज्या किमान प्रमाणाला स्फोट होऊ शकतो त्याच्या १० टक्क्यांखाली), शेवटी विषारी हायड्रोजन सल्फाइड (१० पीपीएमखाली, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १० भागांहून कमी) पाहावा. मिथेन हलका, तर हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड असल्याने वर, मध्ये व तळाशी, नळीतून हवा उपकरणापर्यंत पोहोचेपर्यंत थांबून, स्वतंत्र नोंद घ्यावी. वासावर विसंबणे सर्वांत घातक, कारण हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. गाळ ढवळताच वायू पुन्हा सुटतो. म्हणून माणूस आत असेपर्यंत मोजणी चालूच ठेवावी.