तीन गोळ्या चालू, तरी बीपी उतरत नाही?

लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन प्रकारची औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही बीपी १४०/९०च्या वर राहत असेल, तर चौथी सुरू होण्याआधी आधीच्या तीन खरंच पोटात जातात का ते पाहा. उरलेल्या गोळ्या मोजा. महिन्याच्या ३० आणल्या नि महिनाअखेर सहा शिल्लक, म्हणजे सहा दिवस चुकले.

कोकणात दमट हवेचाही त्रास. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी ओलावा शोषते, म्हणून ती सुट्टी करून डबीत भरू नका. पाकिटातूनच, घ्यायच्या वेळी काढा. पाकिटावर वार लिहिले की झालं. चुलीजवळचं फडताळ नको.

क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतात. एसटीचा लांब प्रवास असला की लोक तीच गाळतात. त्या दिवशी उतरल्यावर घेतली तरी चालते, रात्री मात्र झोपमोड होईल. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्याला सूज आली तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. क्लोनिडीन हे बीपीचं औषध एकाएकी थांबवणं सर्वांत वाईट: बीपी उसळतं.

चुकलेली गोळी आठवताच घ्या; पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडा. दोन एकदम कधीच नाहीत.

गणपती-शिमग्याआधी आठवडाभराचा जादा साठा आणा. सुकी मासळी, मीठ घातलेलं कोकमाचं आगळ, गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक, यांनीही बीपी चढतं.

मोजताना पाच मिनिटं टेकून बसा, हात छातीच्या पातळीत, मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळच्या गोळीआधी. दोन्ही आकडे वहीत.