बॅटरीचा रोजचा अहवाल कसा लिहावा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत आणि डेटा सेंटरांत काम करणारी मुलंमुली आता विजेच्या साठवणुकीकडे वळू लागली आहेत. ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याला, जोडलेल्या मोठ्या बॅटरीच्या प्रकल्पात शिफ्टवर रुजू झालं की त्यांना सेल शिकवतात, इन्व्हर्टर शिकवतात, आग लागली तर काय करायचं ते शिकवतात. अहवालाची वेळ आली की मात्र एक एक्सेल फाइल पुढे करतात आणि म्हणतात, "कालचं बघून भर." मला हे मनापासून खटकतं. कळव्याच्या उपकेंद्रात आणि पुढे भार प्रेषणाच्या, म्हणजे कुणी किती वीज द्यायची-घ्यायची ते सांभाळण्याच्या, कामात माझी सगळी नोकरी झाली. अहवालातल्या आकड्यावर पुढचा माणूस ब्रेकर उघडून वीज तोडतो, शेड्यूल (कुठल्या वेळी किती वीज द्यायची-घ्यायची ते वेळापत्रक) बदलतो, हिशोब काढतो. शेवटी तोच आकडा आपल्या वीजबिलात उतरतो. म्हणून माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना जे सांगते ते इथे लिहून ठेवते आहे.

सुरुवात एका सवयीने करा. अहवालातल्या प्रत्येक आकड्यासमोर एक खूण घाला: मोजलेला, अंदाजलेला की सांगितलेला. मीटरने दिला तो मोजलेला. सॉफ्टवेअरने काढला तो अंदाजलेला. शेड्यूल, फोनवरचा आदेश, आपण जाहीर केलेली क्षमता हे सगळं सांगितलेलं. साठवणुकीच्या अहवालातले बहुतेक घोळ या तीन जाती एकमेकींत मिसळल्याने होतात.

मोजलेल्यापासून सुरू करू. आपल्याकडे दिवसाचे 15 मिनिटांचे 96 ब्लॉक असतात आणि हिशोब त्यांवरच चालतो. मध्यरात्री 00:00 ते 00:15 हा पहिला, संध्याकाळी 18:30 ते 18:45 हा 75वा. समजा तुमची बॅटरी 20 मेगावॅट आणि 40 मेगावॅट-तासांची आहे. पूर्ण जोरात चालवली तर एका ब्लॉकमध्ये 5 मेगावॅट-तास जातात आणि भरलेली बॅटरी आठ ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन तासांत, रिकामी होते. नुसतं "20 मेगावॅटची बॅटरी" असं लिहिलंत तर ती किती वेळ टिकेल हे वाचणाऱ्याला कळत नाही. हे दोन आकडे कायम जोडीने लिहा.

आकडा कुठल्या मीटरचा हेही लिहा. ग्रिडशी जिथे जोडणी आहे तिथल्या मीटरचा आकडा हिशोबाला चालतो. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा असतो, त्यात पुढचा तोटा धरलेला नसतो.

बॅटरी ज्या कंटेनरांत ठेवतात त्यांच्या एसीची वीज वेगळ्या फीडरवरून (वीजवाहिनीवरून) येत असेल तर ती विसरू नका. नवी मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट उकाड्यात बॅटरी स्वस्थ बसलेली असली तरी कूलिंग चालूच राहतं. समजा महिन्याच्या हिशोबात दिवसाला सरासरी 46 मेगावॅट-तास घेतले आणि 39.1 परत दिले. कार्यक्षमता 85 टक्के आली. कूलिंगने वेगळ्या फीडरवरून 1.5 खाल्ले असतील तर खरा आकडा 39.1 भागिले 47.5, म्हणजे 82.3 टक्के. दोन्ही लिहा आणि कुठला कसा काढला ते एका ओळीत सांगा. आणि कार्यक्षमता एका दिवसावरून काढू नका. दिवस 20 टक्के साठ्यावर सुरू होऊन 60 टक्क्यांवर संपला तर 16 मेगावॅट-तास अजून बॅटरीतच आहेत. त्या दिवशीची कार्यक्षमता विनाकारण वाईट दिसेल.

आता अंदाजलेला आकडा, आणि इथे जरा थांबायला हवं. बॅटरीत किती शिल्लक आहे, म्हणजे एसओसी, हा आकडा पडद्यावर इतका ठळक दिसतो की तो मोजलेला आहे असंच वाटतं. घाटघरच्या उदंचन प्रकल्पात पाणी वर चढवून ठेवतात आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज करतात; तिथे साठा म्हणजे वरच्या जलाशयातलं पाणी. खाली शहापूरच्या बाजूला 125 मेगावॅटचे दोन संच, वर धरण. पातळी बघितली की शिल्लक कळते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्ये तशी पातळी बघता येत नाही. या सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो. 40 टक्के आणि 60 टक्के यांतला फरक व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत राहतं आणि त्यावरून शिल्लक काढतं. करंटच्या मोजणीतली बारीक चूक रोज साचत जाते. बॅटरी पूर्ण भरली की व्होल्टेज चढतो, सॉफ्टवेअरला खरी जागा सापडते आणि आकडा एकदम उडी मारतो.

ती उडी अहवालात कशी लिहायची? समजा 93 वर असलेला आकडा क्षणात 100 झाला. या सात टक्क्यांची वीज कुणी दिलेली नाही. शेरा असा लिहा: "अमुक वाजता पूर्ण चार्जनंतर एसओसीची दुरुस्ती, 93 वरून 100, ऊर्जेची नोंद नाही." हा शेरा नसला तर हिशोब तपासणारा 2.8 मेगावॅट-तास शोधत बसतो, आणि ते कुठेच सापडत नाहीत. मागची पूर्ण चार्जिंग कधी झाली ती तारीख रोज एसओसीच्या शेजारी द्या. आकड्यावर किती विसंबायचं ते वाचणाऱ्याला त्यावरून ठरवता येतं.

तिसरी जात, सांगितलेला आकडा. राज्य भार प्रेषण केंद्र आपल्या ऐरोलीतच आहे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 33 नुसार त्याचे निर्देश पाळणं बंधनकारक आहे, न पाळल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून एलडीचा, म्हणजे या भार प्रेषण केंद्राचा, फोन आला की वेळ, आदेशाचे शब्द, मिळालेला कोड आणि अंमलबजावणी पूर्ण झाल्याची वेळ, चारही गोष्टी लॉगबुकात त्याच वेळी लिहा. आदेश परत म्हणून दाखवा. "साधारण साडेसहाला कमी करायला सांगितलं" या नोंदीचा कुणालाही उपयोग नाही.

ग्रिडला दिलेल्या साहाय्याची नोंद जास्त काळजीने करा. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी 49.90 ते 50.05 हर्ट्झमध्ये ठेवायची असते. ती घसरली की यंत्राने काही सेकंदांत आपणहून दिलेला प्रतिसाद हा प्राथमिक. केंद्राकडून दर चार सेकंदांनी येणाऱ्या सिग्नलमागे चालणं हे दुय्यम. त्यानंतर आदेशावर दिली जाते ती तृतीयक सेवा. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या 2022 च्या नियमांत दुय्यम सेवा 30 सेकंदांत सुरू व्हावी, 15 मिनिटांत पूर्ण मिळावी आणि पुढे 30 मिनिटं टिकावी असं आहे. तृतीयक सेवा 15 मिनिटांत मिळून 60 मिनिटं टिकावी लागते. हे नियम आंतरराज्य पातळीचे. राज्यातल्या प्रकल्पाने महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे नियम आणि स्वतःचा करार शेजारी ठेवूनच रकाने भरावेत.

टिकण्याची अट बॅटरीला खरी झोंबते. एसओसी 20 टक्के, म्हणजे 8 मेगावॅट-तास शिल्लक आहेत. 30 मिनिटं टिकवायचे तर 16 मेगावॅटच देता येतात आणि 60 मिनिटं टिकवायचे तर फक्त 8. यंत्र 20 चं आहे म्हणून 20 जाहीर करणं चूक. तळाचा काही भाग वापरायचा नाही असं उत्पादकाने सांगितलं असेल तर तोही आधी वजा करा.

तीच ऊर्जा दोनदा लिहिली जाते, तेही टाळा. शेड्यूलप्रमाणे 20 मेगावॅट डिस्चार्ज चालू असेल तर वर जायला जागा शून्य आहे, वाढीव राखीव क्षमता शून्यच लिहा. खाली यायला मात्र तब्बल 40 मेगावॅट आहेत, कारण 20 च्या डिस्चार्जवरून 20 च्या चार्जिंगपर्यंत येता येतं. बॅटरीचं हे मोठं बळ आहे आणि बरेच जण ते अहवालात दाखवतच नाहीत! वरची आणि खालची राखीव क्षमता वेगवेगळ्या रकान्यांत, ब्लॉकवार लिहा.

काही बिघडलं तर वेळ हीच सगळ्यात मौल्यवान नोंद असते. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे 400 केव्ही वाहिन्या त्या घटनेच्या केंद्रस्थानी होत्या. अशा वेळी कुठली वाहिनी आधी गेली आणि कुठली नंतर, याचा उलगडा सेकंदांच्या आणि मिलिसेकंदांच्या नोंदींवरून होतो. तुमचं घड्याळ जीपीएसशी जुळलेलं नसेल तर तुमची नोंद त्या साखळीत बसतच नाही. शिफ्ट घेताना स्काडा (दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारी संगणक यंत्रणा), मीटर आणि बॅटरीची यंत्रणा, तिन्हींची वेळ ताडून बघा. देशाच्या ग्रिड कोडप्रमाणे घटनेचा प्राथमिक अहवाल 8 तासांत आणि घटना टिपणाऱ्या रेकॉर्डरची माहिती 24 तासांत द्यायची असते. प्राथमिक अहवालात कारण लिहिण्याची घाई करू नका. काय दिसलं, कुठल्या रिलेचा (बिघाड ओळखणाऱ्या उपकरणाचा) फ्लॅग, म्हणजे खूण, पडला, किती मेगावॅट गेले, एवढं पुरे. खाडीकाठच्या उपकेंद्रात हवामानाचीही ओळ घाला. इन्सुलेटरवर खारा थर बसलेला असतो, हिवाळ्याच्या पहाटे दव पडलं की तिथूनच फ्लॅशओव्हर होऊ शकतो, म्हणजे इन्सुलेटरवरून ठिणगी उडून वीज वाहू शकते.

नियोजित आउटेज आणि अचानक आलेला बिघाड वेगळे दाखवा. चार कंटेनरपैकी एक बंद असेल तर उपलब्धता 100 टक्के लिहू नका.

महिनाअखेरीला 96 ब्लॉकच्या बेरजा मीटरच्या डाउनलोडशी जुळवा. फरक निघाला तर रोजच्या अहवालातला मूळ आकडा बदलू नका. खाली दुरुस्ती लिहा, तारीख आणि कारण घाला, आणि मूळ अहवाल ज्यांना ज्यांना गेला होता त्या सगळ्यांना दुरुस्तीही त्याच दिवशी पाठवा.