छोट्या बेडरूममध्ये लढाऊ विमानं

खोली दहा बाय दहाची असेल तर हवाई दलाची सजावट एकाच भिंतीवर करा. तिला फिकट राखाडी रंग द्या आणि त्यावर दलाचं गोल चिन्ह काढा: बाहेर केशरी, मग पांढरं, मधोमध हिरवं. मॉडेल १:७२ मापाचंच, म्हणजे लांबीला खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं घ्या. या मापात जवळपास २२ मीटरचं सुखोई-३०, म्हणजे नाशिकजवळ ओझरला बांधलेलं आपलं विमान, ३० सेंटिमीटरचं होतं. तेजस तर १८चंच. १:४८चं सुखोई अशा खोलीत अंगावर येतं. छताला टांगताना तंगूस तीन ठिकाणी बांधा, एक पंख खाली झुकू द्या. वळण घेणारं विमान फार जिवंत दिसतं! जागा मात्र पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यातली निवडा.