आधी सुरी, मग वाटी: कुत्र्याला फळं आणि भाज्या देताना

माझी कुत्री तांबू दोन वर्षांची असताना तिने कचऱ्याच्या डब्यातून दाणे काढलेलं कणीस पळवलं. मी धावत पोचेपर्यंत दोन तुकडे गिळूनही झाले होते. पहिला दिवस नेहमीसारखा गेला. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी पाण्याचा घोटही पोटात ठरेना. पाठीची कमान करून ती कोपऱ्यात नुसती उभी होती. सोनोग्राफीत तुकडा लहान आतड्यात अडकलेला दिसला आणि पोट उघडून तो काढावा लागला.

मक्याचे उकडलेले दाणे कुत्र्याला विषारी नसतात. जिवावर बेतलं ते न पचणाऱ्या त्या दांड्यामुळे. तेव्हापासून कोणतंही फळ हातात घेतलं की मी दोन प्रश्न विचारते. हे तिला चालतं का? आणि हे तिने न चावता गिळलं तर काय होईल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे शोधतात, दुसरा राहून जातो.

कुत्र्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही. त्याच्या दाढा कात्रीसारख्या कापतात, दळत नाहीत. गिळण्याजोगा तुकडा झाला की तो थेट घशाखाली. म्हणून कच्च्या गाजराचे तुकडे कधीकधी शीमध्ये जसेच्या तसे दिसतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण चावण्याचं काम आपल्या सुरीने आधीच करायचं असतं हे त्यातून कळतं.

गाजराच्या जाड गोल चकत्या मी कधीच करत नाही. गोल तुकडा घशात बुचासारखा बसू शकतो. गाजर उभं चिरायचं, पुन्हा उभं चिरायचं आणि मग बारीक तुकडे करायचे. दहा किलोच्या तांबूसाठी माझ्या करंगळीच्या नखाएवढा तुकडा पुरतो. वाफवलेलं गाजर जास्त चांगलं पचतं. सफरचंदाचा मधला भाग बियांसकट काढून टाकते. बिया चावल्या गेल्या तर त्यातल्या अमिग्डॅलिनपासून सायनाइड तयार होतं. चुकून एखादी बी पोटात गेली म्हणून रात्र जागवू नका, पण रोजच्या वाटीत बिया नकोत. पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी यांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे, कारण त्यांच्या बियांत हेच रसायन असतं, शिवाय मोठी बी आतड्यात अडकते. आंब्याची कोय तर हाताला लागणार नाही अशाच जागी टाका, कारण ती चोखायला मिळाली की कुत्रा सोडत नाही. आंबा द्यायचा तर साल काढून, गराचे दोन-चार तुकडे.

कलिंगडाच्या बिया आणि हिरवी साल दोन्ही काढायची. काकडी, वाफवलेल्या बिनमिठाच्या फरसबीच्या शेंगा आणि उकडलेला लाल भोपळा या माझ्या बिनघोर गोष्टी. वजन वाढलेल्या कुत्र्याला बिस्किटाऐवजी फरसबी दिली तर खाल्ल्याचं समाधान मिळतं आणि कॅलरी फार वाढत नाहीत. भोपळ्यातला तंतुमय भाग शी घट्ट असो वा पातळ, दोन्हीकडे मदत करतो. दोन चमचे पुरे, आणि तो नुसता उकडलेला हवा, गोड केलेला नको. ब्रोकोली थोडीच द्यावी, तिच्या तुऱ्यांतल्या आयसोथायोसायनेट नावाच्या घटकामुळे जास्त झाली तर पोट बिघडतं.

प्रमाणाबद्दल पशुवैद्यांचा एक साधा नियम आहे: खाऊच्या कॅलरी दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत. नसबंदी झालेल्या, दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला ६० च्या आसपास. १०० ग्रॅम गाजरात ४१ कॅलरी असतात, सफरचंदात ५२, केळ्यात ८९, काकडीत जेमतेम १५. म्हणजे एक अख्खं मध्यम केळं दिलं की दिवसाचा कोटा ओलांडला. केळं कुत्र्यांना फार आवडतं, कारण गोड चव त्यांना नीट कळते. मी चार पातळ फोडींवर थांबते. आणि हा हिशेब करताना बिस्किटं, चीजचा तुकडा, कुणी हळूच दिलेली पोळी, सगळं धरायचं.

आता जे अजिबात द्यायचं नाही ते. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे पहिले. यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती द्राक्षांनी होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ‘एवढंसं चालेल’ हा विचारच नको. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ पशुवैद्यांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं, त्यामुळे एक कुत्रा मूठभर खाऊन तगतो आणि दुसरा थोड्यातच कोसळतो. हेच आम्ल चिंचेत असतं, म्हणून चिंचही नाही. मनुका घातलेला केक आणि ब्रेडही नाही.

कांदा, लसूण, पातीचा कांदा यांच्यातले गंधकयुक्त घटक तांबड्या रक्तपेशी फोडतात. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात धोक्याचे बदल दिसतात, पण थोडा थोडा रोज दिला तरी नुकसान साठत जातं. शिजवल्याने धोका जात नाही. वाळवलेली पूड तर वजनाच्या मानाने जास्त तीव्र असते. यात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती उशिराची: लक्षणं काही दिवसांनी दिसतात. हिरड्या फिकट, लघवी गडद, जिना चढताना दम. तोपर्यंत तो रस्सा चाटल्याचं घरातल्या कुणाला आठवतही नसतं. म्हणून आपल्या ताटातली भाजी कुत्र्याची नाही. त्याच्यासाठी फोडणीच्या आधी, मिठाच्या आधी वेगळी काढायची.

हिरवे टोमॅटो, त्यांची पानं आणि हिरवट पडलेले बटाटे टाळा. ॲव्होकॅडोत चरबी खूप असते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि बी अडकते ती वेगळीच. फळाबरोबर शेंगदाण्याचं बटर लावत असाल तर डब्यावरचे घटक वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं दिसलं तर तो डबा कुत्र्यापासून दूर ठेवा. त्याने अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते.

चुकून काही खाल्लंच तर लक्षणांची वाट पाहू नका. काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं कागदावर लिहा आणि लगेच पशुवैद्यांना फोन करा. पहिल्या दोन तासांत ते उलटी करवून बरंच बाहेर काढू शकतात. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका, त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो. कणसाच्या वेळी मी दोन दिवस ‘होईल बरं’ म्हणत थांबले. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

नवं फळ किंवा भाजी एका वेळी एकच, एकच तुकडा, आणि मग दोन दिवस शीवर लक्ष. तीन नव्या गोष्टी एकदम दिल्या आणि जुलाब लागले तर कशाने हे कळणार नाही. कुत्र्याला मधुमेह असेल तर फळं डॉक्टरांना विचारूनच. मूतखड्याची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर पालकही विचारल्याशिवाय नको, त्यात मूतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेट भरपूर असतं.

तांबू आता अकरा वर्षांची आहे. पुढचे तीन दात गेलेत. तिचं गाजर मी वाफवून किसते आणि रोजच्या खाण्यात कालवते. सफरचंदाची पातळ काप तेवढी अजून हातातून देते. ती ओठांनी हळूच उचलून घेते, आणि ती काप गिळून होईपर्यंत मी दुसरी पुढे करत नाही.